बंग च्वान: अर्ध्या पावलात पूर्ण शरीराचा ठोसा

शिंगयी च्वान ही उत्तर चीनमधली, मुख्यतः शानशी आणि हेबेई प्रांतांत वाढलेली युद्धकला. तिचा पाया पाच मुठींवर आहे: पी, त्सुआन, बंग, पाओ आणि हंग. शरीरातून ताकद कशी काढायची हे शिकायचं असेल तर त्यातली बंग च्वान, म्हणजे पोटाजवळून सरळ पुढे जाणारी उभी मूठ, हाताशी घ्यावी. ती दिसायला सगळ्यात साधी. त्यामुळे चूक लपवायला तिच्यात जागाच नाही. एकोणिसाव्या शतकातले हेबेईचे गुओ युनशेन याच ठोशासाठी ओळखले जातात. ते ली लुओनेंग यांचे शिष्य. त्यांच्या 'अर्ध्या पावलाच्या बंग'ला तोड नव्हती, असं परंपरेत सांगतात. तुरुंगात पायात बेड्या असल्यामुळे त्यांना पूर्ण पाऊल टाकता येत नसे आणि तिथेच हा ठोसा घडला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातली तांत्रिक गोष्ट पक्की आहे: ताकदीसाठी लांब पाऊल लागत नाही.

मग काय लागतं? मागच्या पायाने जमिनीला दिलेला रेटा मुठीपर्यंत पोहोचताना वाटेत कुठेही वाया जाता कामा नये. या लेखातली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

आधी थोडा हिशेब

माणसाच्या एका हाताचं वजन, खांद्यापासून बोटांपर्यंत, शरीराच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतं. ७० किलोच्या माणसाचा हात साडेतीन किलोंच्या आसपास भरतो. नुसता हात फेकला तर समोरच्यावर आदळतात ते एवढेच किलो, मग वेग कितीही असो. धड, खुबे आणि मागचा पाय त्या क्षणी मुठीमागे एकसंध जोडलेले असतील तर मुठीमागचं वजन कितीतरी वाढतं. अर्थात पूर्ण ७० किलो कधीच मिळत नाहीत, कारण सांधे लवचिक असतात आणि प्रत्येक सांधा थोडं थोडं गिळतो. सरावाचा सगळा भर हे गिळणं कमी करण्यावर असतो.

दुसरी गोष्ट स्नायू कधी आवळायचे याची. सुरुवातीपासून आवळलेला हात हळू जातो, कारण कोपर सरळ करणारे आणि वाकवणारे स्नायू एकमेकांशीच भांडत राहतात. शेवटपर्यंत सैल राहिलेला हात वेगाने जातो, पण आदळताच घडी होतो. म्हणून क्रम असा: निघताना क्षणभर आवळ, वाटेत सैल, स्पर्श होताना पुन्हा आवळ. कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मिश्र युद्धकलेतल्या खेळाडूंच्या स्नायूंचे विद्युत संकेत मोजले, तेव्हा त्यांना असेच दोन उंचवटे दिसले होते. शिंगयीचे जुने शिक्षक हेच तोंडी सांगत आले आहेत.

सानती: उभं राहणं

डावा पाय पुढे ठेवून सुरुवात करा. डाव्या पावलाचा अंगठा सरळ समोर, उजवं पाऊल साधारण ४५ अंश बाहेर. दोन टाचांमधलं अंतर तुमच्या दोन पावलांच्या लांबीएवढं. ६० ते ७० टक्के वजन मागच्या पायावर. हे प्रमाण शाखेप्रमाणे बदलतं. नवख्याने ६०-४० वर राहावं, गुडघ्याला बरं पडतं.

मागचा गुडघा मागच्या पावलाच्या बोटांच्या दिशेनेच वाकलेला हवा. तो आत झुकला तर रेटा गुडघ्यातच मुरडतो, आणि महिन्याभरात गुडघ्याची आतली बाजू दुखू लागते. माकडहाड खाली सोडा. त्यासाठी नितंब आवळायची गरज नाही, उंच स्टुलावर टेकायला निघालात आणि वाटेत थांबलात तर कंबर जशी राहील तशी ठेवा. डोक्याचा मागचा भाग वर, हनुवटी किंचित आत. छाती फुगवू नका. खांद्याचे फरे पाठीवर पसरून खाली आलेले असू द्या. पुढचा डावा तळहात खांद्याच्या उंचीला, कोपर खाली लोंबतं. उजवा हात बेंबीसमोर. नाकाचा शेंडा, पुढच्या हाताची बोटं आणि पुढच्या पायाचा अंगठा एकाच उभ्या रेषेत आले पाहिजेत.

सुरुवातीला प्रत्येक बाजूला २ मिनिटं उभं राहा आणि दर आठवड्याला अर्धा-एक मिनिट वाढवा. १० मिनिटं होईपर्यंत तीन-चार महिने जातात, तेवढे जाऊ द्यावेत. मांड्या थरथरतात ते ठीक. खांदे थरथरत असतील तर हात उचलताना फरे वर गेले आहेत. हात खाली घ्या, खांदे सोडा, पुन्हा उचला.

या उभं राहण्याला कंटाळून बरेच जण थेट ठोशांकडे वळतात. सानतीत पाय, कंबर आणि खांदा यांची जी जोडणी स्थिर असताना जमत नाही, ती वेगात जमण्याची शक्यताच नाही.

पाऊल: हात न वापरता

आता दोन्ही हात कंबरेवर ठेवा आणि फक्त पायांचं काम करा. मागच्या पायाने जमीन मागे ढकला. पुढचं पाऊल जमिनीला जवळजवळ घासत एक ते दीड पाऊल-लांबी पुढे सरकू द्या आणि सपाट टेकवा. लगेच मागचा पाय ओढला जाऊन पुढे येतो, आणि त्याचा अंगठा पुढच्या टाचेपासून वीतभर अंतरावर थांबतो. यालाच मागोमाग पाऊल म्हणतात.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे पुढचा पाय आधी उचलून लांब टाकणं आणि मग शरीर त्याच्यावर नेणं. अशाने मागच्या पायाने काहीच ढकललेलं नसतं, तुम्ही नुसते चाललेले असता. तपासायचं असेल तर पुढचं पाऊल उचलण्याआधीच मागच्या मांडीत रेटा जाणवतो का ते पाहा. दुसरी चूक डोकं वरखाली होण्याची. रेटा तिरका वर गेला तर डोकं उचललं जातं आणि पुढे जायचा जोर उंचीत खर्च होतो. भिंतीवर डोक्याच्या उंचीला चिकटपट्टीची आडवी रेघ मारून बाजूने मोबाइलवर चित्रण करा. डोकं त्या रेघेपासून दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त हलू नये. तिसरी चूक मागच्या टाचेची. ढकलताना टाच फार लवकर सुटली तर रेटा चवड्यावर येऊन पोटरीत संपतो. टाच जमिनीवर दाबून ठेवा. शरीर पुढे निघून गेलं की ती आपोआप सुटेल.

एका दिशेला १० पावलं, वळा, परत १०. अशा ५ फेऱ्या. गुळगुळीत फरशीवर अनवाणी करू नका, पाय घसरला की शरीर ढकलायला कचरतं आणि तीच सवय लागते. मातीचं मैदान, गच्चीचा खडबडीत कोबा किंवा रबरी तळाचे बूट चालतील.

खुब्याची घडी

रेटा पायातून धडात जातो तो खुब्यातून, आणि बहुतेकांचा जोर इथेच हरवतो. डावा पाय पुढे असताना उजवा ठोसा मारायचा आहे. त्यासाठी उजवा खुबा पुढे यायला हवा आणि डाव्या खुब्याच्या पुढच्या बाजूला, मांडी पोटाला मिळते तिथे, घडी पडायला हवी. डावा खुबा म्हणजे बिजागरी. ती जागेवर राहिली तर उजवी बाजू तिच्याभोवती पुढे येते. ती डावीकडे बाहेर सरकली तर रेटा बाजूला निसटतो.

हाताची बोटं डाव्या जांघेच्या खळग्यात ठेवा, जागच्या जागी उभं राहून उजवा खुबा पुढे आणा. बोटं घडीत चिमटली गेली पाहिजेत. वळण फार मोठं नसतं, २५-३० अंश पुरे. याहून जास्त वळलात तर पुढचा गुडघा आत कोसळतो. आणखी एक खूण: बेंबी आणि छातीची मधली रेघ एकाच वेळी वळली पाहिजेत. छाती आधी वळून कंबर मागे राहिली तर कंबरेत पीळ पडतो. तो जोर मुठीला न मिळता मणक्यांना मिळतो. रोज २० वेळा, सावकाश, आरशासमोर.

हाताची वाट

उजवी मूठ बेंबीच्या उजवीकडे, तळवा वर. मूठ पुढे निघते तेव्हा कोपर बरगडीला घासत जातं. काखेत घडी घातलेला रुमाल धरून करा. मूठ अर्ध्या वाटेवर पोहोचण्याआधी रुमाल पडला तर कोपर बाहेर गेलं आहे. बाजारात भरलेली हातगाडी ढकलणारा हमाल पाहा. त्याची कोपरं अंगालगत आणि खाली असतात, मागचा पाय ताणलेला असतो. कोपरं बाहेर काढून त्याने तीच गाडी ढकलायचा प्रयत्न केला तर खांदे वर जातील आणि गाडी हलणार नाही. बंगमध्ये कोपराची जागा हीच.

शेवटच्या १० सेंटिमीटरमध्ये मूठ पाव वळण घेऊन उभी होते, अंगठ्याची बाजू वर. उंची हृदयाची. कोपर पूर्ण सरळ होत नाही, १५-२० अंश वाकलेलं राहतं. सरळ केलं तर हवेत मारताना सांध्याला हिसका बसतो, आणि वस्तूवर मारताना धक्का परतून थेट खांद्यात येतो. आदळतात ती तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं. मनगट हाताच्या हाडांच्या रेषेत. वर-खाली कुठेही कोन नको. मूठ वाटेत सैल असते, इतकी की तळव्यात पेन्सिल फिरू शकेल, आणि स्पर्शाच्या क्षणी घट्ट होते.

त्याच वेळी डावी मूठ मागे, डाव्या कंबरेशी येते. हे मागे येणं दिखाव्याचं नाही. दोन्ही मुठी एकाच क्षणी निघून एकाच क्षणी थांबल्या तर धड मधल्या अक्षावर वळतं. डावा हात आळसावला तर धड डावीकडे कलंडतं.

शिंगयीत हाताचे तीन भाग मानतात: खांदा मूळ, कोपर मध्य, मूठ टोक. नियम असा की टोक निघतं, मध्य पाठोपाठ येतो, मूळ रेटतं. प्रत्यक्षात याचा अर्थ, खांद्याने सुरुवात करायची नाही. ठोशाआधी खांदा एक सेंटिमीटर जरी वर उचलला गेला तरी समोरच्याला चाहूल लागते आणि फरा बरगड्यांवरून सुटतो. सुटलेला फरा धडाचं वजन पुढे पोहोचवू शकत नाही.

सगळं एकत्र

पहिला आठवडा चार मोजून करा. एक: वजन मागच्या खुब्यात किंचित बसवा, दोन-तीन सेंटिमीटर, जास्त नाही. दोन: मागच्या पायाने रेटा, पुढचं पाऊल निघतं, मूठ अजून बरगडीशीच. तीन: पुढचं पाऊल सपाट टेकतं, त्याच क्षणी खुबा बंद होतो, मूठ पोहोचते आणि श्वास नाकातून किंवा दातांमधून तोडून बाहेर पडतो. चार: मागचा पाय मागोमाग येऊन थांबतो.

तिसऱ्या मोजणीवर सगळी मदार आहे. मूठ पावलाच्या आधी पोहोचली तर मारलं फक्त हाताने. पाऊल आधी पडून मूठ मागाहून आली तर शरीराचा वेग पुढच्या पायाने जमिनीत घालवून टाकला. काही शाखांमध्ये मुठीची वेळ मागच्या पायाच्या येण्याशी जुळवतात आणि तो पाय आवाज करून पडतो. तेही बरोबर आहे, पण पुढच्या पावलाची वेळ बसल्यावर शिकावं, नाहीतर नुसती पाय आपटायची सवय उरते.

मोबाइलवर सेकंदाला १२० चौकटींच्या वेगाने बाजूने चित्रण करा. एक चौकट म्हणजे सुमारे ८ मिलिसेकंद. पाऊल सपाट होणं आणि मूठ थांबणं यांत ४-५ चौकटींहून जास्त फरक असेल तर वेग कमी करा आणि पुन्हा मोजणीवर या. डोळ्यांना एकत्र वाटणारी गोष्ट चित्रणात पंधरा चौकटी लांब दिसते, हे फार वेळा घडतं.

दोन आठवड्यांनी मोजणी सोडा. उजव्या ठोशानंतर पुन्हा डावाच पाय पुढे टाकून डावा ठोसा. हा डावा बहुतेकांना कमजोर वाटतो, कारण इथे उजवा पाय पुढे ढकलत असतो आणि उजवा खुबा मात्र मागे घडीत जात असतो. इथे वळणावर भर देऊ नका. पावलाचा सरळ रेटा मोठा ठेवा, घडी उजव्या जांघेत पडू द्या आणि डावा खांदा खुब्याच्या पुढे पळू देऊ नका. डाव्याला उजव्याच्या दीडपट सराव द्या.

जोडणी तपासणं

शेवटच्या स्थितीत थांबा. जोडीदाराने दोन्ही तळहात तुमच्या मुठीवर ठेवून हाताच्या रेषेत सावकाश दाब वाढवावा, धक्का देऊ नये. दाब मागच्या टाचेखाली जाणवला पाहिजे. तसं न होता खांदा वर गेला तर फरा सुटला आहे. कंबर मागे वाकली तर माकडहाड वर आहे. मागची टाच उचलली तर वजन फार पुढे गेलं आहे. धड वळलं तर डावा खुबा उघडा आहे. जे आधी मोडतं तेच आधी दुरुस्त करायचं, आणि एका वेळी एकच.

जोडीदार नसेल तर काट्याचा, स्प्रिंगवर चालणारा वजनकाटा भिंतीला उभा टेकवा, वर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि मुठीने हळूहळू दाबा. उभ्या काट्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण तुलनेला पुरतो. आधी कोपर बाहेर काढून दाबा, मग आत घेऊन. मग खांदा वर ठेवून, मग खाली. कुठल्या बदलाने काटा सरकतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि शरीराला ते शब्दांपेक्षा लवकर पटतं.

बॅगवर

हवेत दोन महिने झाल्यावरच पंचिंग बॅग घ्या. बॅग निदान ३० किलोंची हवी. हलकी बॅग झुलत राहते आणि धक्का व ढकलणं यांतला फरक कळूच देत नाही. हाताला साडेचार मीटरची पट्टी, त्यावर हातमोजे. पहिले दोन आठवडे अर्ध्या जोराने: एका बाजूला १० ठोसे, अर्धा मिनिट थांबा, असे ५ संच, आठवड्यातून तीन दिवस. मधले दिवस मोकळे ठेवा. मनगट आणि बोटांची हाडं स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात आणि दुखणं उशिरा सांगतात.

बॅग काय सांगते ते ऐका. ठोसा जुळला असेल तर ती जागच्या जागी दणका खाते, मध्ये खड्डा पडल्यासारखी वाकते आणि मग थोडी हलते. लांब झोका घेऊन दूर जात असेल तर तुम्ही तिला ढकललं: हात वाटेत सैल नव्हता किंवा मूठ आदळल्यावरही चिकटून राहिली. तुम्हीच मागे फेकले गेलात तर मागची टाच सुटलेली होती, किंवा अंतर चुकून कोपर सरळ झालं होतं. बरोबर अंतर म्हणजे मूठ बॅगच्या कातड्यात पाच-सात सेंटिमीटर आत गेल्यावरही कोपर वाकलेलं असणं. मनगटाच्या करंगळीच्या बाजूला दुखलं तर खालची हाडं आदळत आहेत. खांद्याच्या पुढच्या भागात दुखलं तर कोपर बाहेर आहे. कंबरेत दुखलं तर बॅग थांबवा आणि आठवडाभर फक्त खुब्याची घडी करा.

श्वास कोंडून मारू नका. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून सानती आणि पावलांपुरताच सराव ठेवावा. चौदा-पंधरा वर्षांखालच्या मुलांना जड बॅगवर पूर्ण जोराने मारू देऊ नये.

पुढे काय

शिंगयीचे गुरू आणि लेखक सुन लुतांग यांनी लिहून ठेवलेल्या गुओ युनशेन यांच्या शिकवणीत ताकदीच्या तीन पायऱ्या आहेत: मिंग जिन, आन जिन, हुआ जिन. उघड दिसणारी, आत दडलेली आणि विरघळलेली. वर जे सांगितलं ते सगळं पहिल्या पायरीचं आहे. पहिल्या पायरीत हालचाल नेटकी, मोठी आणि दिसेल अशी असावी. इंटरनेटवर एक इंचावरून माणसं उडवणारी दृश्यं पाहून हालचाल आधीच लहान करण्याचा मोह होतो. मोठ्या हालचालीत जुळवणी बसलेली नसताना ती आखूड केली तर खांद्याचा झटका तेवढा शिल्लक राहतो.

दिवसाला ४० मिनिटं मिळत असतील तर १० सानती, १० पावलं आणि खुबा, १५ बंग, उरलेली ५ तपासणीला. बॅगच्या दिवशी बंगची १५ मिनिटं बॅगवर. सहा महिन्यांनी पी च्वान जोडा. तिच्यात हाच रेटा वरून खाली, तळहाताने उतरतो, आणि बंगमध्ये लपून राहिलेला खांद्याचा दोष तिथे लगेच उघडा पडतो.